धावफलक नसलेला सामना

शेअर सुचवणारा एखादा दणदणीत टीव्ही कार्यक्रम कधीतरी आवाज बंद करून बघा. बाह्या दुमडलेला एक माणूस टेबलाभोवती येरझारा घालत असतो. मध्येच थबकतो, लाल बटणावर तळहात आपटतो, मग कॅमेऱ्याच्या इतका जवळ येतो की आपणच सोफ्यावर मागे सरकावं. पाठीमागे हिरवे-लाल आकडे पळत असतात. त्याला लॉटरी लागलीय की त्याच्या घराला आग लागलीय, हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. आवाज सुरू केला की कळतं, तो पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीच्या तिमाही निकालांबद्दल बोलतोय.

मला हे कार्यक्रम आवडतात. हे आधीच कबूल केलेलं बरं. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण नाक मुरडत सुरुवात करतात आणि शेवटपर्यंत ते सरळ करत नाहीत. पुठ्ठ्याच्या खोक्यांविषयी इतक्या जिवाच्या आकांतानं बोलणारा माणूस कलावंतच म्हणायचा. त्याच्या ओरडण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे, आणि तिच्यापर्यंत यायला जरा वळसा घ्यावा लागेल.

या प्रकारातला सगळ्यात नावाजलेला कार्यक्रम म्हणजे अमेरिकेतला 'मॅड मनी'. १४ मार्च २००५ रोजी सीएनबीसी वाहिनीवर तो सुरू झाला. सूत्रधार जिम क्रेमर. हार्वर्डमध्ये कायदा शिकलेला, गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेत काम केलेला, पुढे स्वतःचा हेज फंड, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचा पैसा बाजारात फिरवणारा फंड, चालवलेला. म्हणजे माणूस हौशी नव्हे. बाजार त्यानं आतून पाहिलाय. पुढ्यात आवाजांची बटणं: एक दाबलं की 'विका, विका, विका', दुसरं दाबलं की 'हालेलुया'चा कोरस. खुर्च्या भिरकावूनही झाल्या. 'लाइटनिंग राउंड' नावाच्या भागात फोन करणारा शेअरचं नाव घेतो, क्रेमर काही सेकंदांत निकाल देतो, की लगेच पुढचा फोन. आणि निरोप घेताना ठरलेलं वचन: कुठे ना कुठे तेजी असतेच, ती तुमच्यासाठी शोधायचा मी प्रयत्न करीन.

सगळा कार्यक्रम या एका वचनात आहे. 'कुठे ना कुठे तेजी असतेच' हे विधान कधीच खोटं ठरत नाही, त्यामुळे त्यातून हाती काही लागतही नाही. पण दिवसभर पडझड बघून बसलेल्या माणसाला ते केवढा धीर देतं! आपण बुडालो नाही, नुसते चुकीच्या दारात उभे राहिलो. योग्य दार शेजारीच आहे आणि उद्या सकाळी ते उघडणार आहे. कार्यक्रमाची वेळही तशीच. अमेरिकेतला बाजार दुपारी चारला बंद होतो, 'मॅड मनी' संध्याकाळी सहाला लागतो. त्या घटकेला भाव थंडावलेले असतात, पश्चात्ताप मात्र ताजा असतो.

शेअरबाजार टीव्हीवर नेहमीच असा नव्हता. १९७० मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर लुई रुकायझर यांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत त्यांनीच तो चालवला. शुक्रवारची संध्याकाळ, नीटनेटका सूट, शाब्दिक कोट्यांनी भरलेलं प्रास्ताविक, मग तज्ज्ञांबरोबर गप्पा. शेअर तिथेही सुचवले जात. पण आठवड्यातून एकदाच, आणि पुढचे दोन दिवस बाजार बंद. काही करायची उबळ आलीच तर ती सोमवारपर्यंत दाबून ठेवावी लागे. १९८९ मध्ये सीएनबीसी आली आणि दिवसभर बाजाराविषयी बोलत राहणं हा एक धंदा झाला. बोलायचं तास न् तास, आणि सांगण्यासारखं जेमतेम पाच मिनिटांचं. उरलेला वेळ कशानं तरी भरायलाच हवा. क्रेमरनं तो ऊर्जेनं भरला, एवढंच.

गुंतवणूक ही मुळात बघण्याजोगी गोष्टच नाही. इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणाऱ्या फंडात, पैसे टाकून वीस वर्षं गप्प बसलेला माणूस रोज काय करतो? काहीच करत नाही. त्याच्यावर एक तासाचा कार्यक्रम कसा काढणार? निर्देशांक आज का पडला, याचं खरं उत्तर बहुतेक दिवशी 'विशेष काही नाही' असंच असतं. पण 'विशेष काही नाही' म्हणणाऱ्या माणसाला कुठलीही वाहिनी दुसऱ्या दिवशी बोलावणार नाही. म्हणून बाजाराला कथानक पुरवावं लागतं. नायक हवेत, खलनायक हवेत, काल बुडालेला आज उठला पाहिजे. कंपनीचा प्रमुख मुलाखतीला आला की तो हिशेब द्यायला आलेला नसतो, परीक्षेला बसलेला असतो. बघणाऱ्यालाही वाटतं की आपण शिकतोय, आणि काही प्रमाणात ते खरंही असतं. नफ्याचं प्रमाण, कर्जाचा बोजा, व्याजदर चढले की बँकांचं काय होतं, हे मला स्वतःला पुस्तकांआधी असल्याच कार्यक्रमांनी शिकवलं.

पण बघणाऱ्याला खरी भुरळ पडते ती फोन करणाऱ्यांमुळे. त्यांच्याकडे नीट कान द्या. फोनवरचा माणूस आधी उत्साहानं नमस्कार करतो, तुमच्यामुळे खूप शिकलो म्हणतो, मग एका दमात शेअरचं नाव सांगतो, आणि शेवटी आवाज थोडा खाली आणून म्हणतो, "माझ्याकडे आहे तो." बऱ्याच जणांनी शेअर आधीच घेतलेला असतो. काय घेऊ, हा त्यांचा प्रश्नच नसतो. मी बरोबर केलं ना, हा असतो. सूत्रधार बटण दाबतो, बैल डुरकतो, "घ्या, अजून घ्या!" पलीकडून सुटकेचा सुस्कारा ऐकू येतो. आपण घरी बसून त्या सुस्काऱ्यात सहभागी होतो. शंका बाळगणं हे दमवणारं काम आहे, आणि इथे ते काम दुसरा कुणीतरी आपल्या वतीनं, मोठ्या आवाजात, फुकट करून टाकतो. तज्ज्ञ बरोबर आहे की चूक, हे त्या क्षणी दुय्यम असतं. त्याला शंका नाही, हे पुरतं.

हे अतिशयोक्तीचं वाटत असेल तर २०२० चा उन्हाळा आठवा. खेळांवरची वेबसाइट चालवणारे डेव्ह पोर्टनॉय यांनी, टाळेबंदीत सगळे सामने बंद पडल्यावर, कॅमेऱ्यासमोर शेअरचे सौदे करायला सुरुवात केली. जून महिन्यात त्यांनी शब्द जुळवण्याच्या खेळातली अक्षरं पिशवीतून काढली, आर-टी-एक्स निघालं, आणि बाजारात ज्या कंपनीचं ते अक्षरी चिन्ह होतं तिचा शेअर घेऊन टाकला. विश्लेषण शून्य. बघणारे तरीही भरपूर. ताळेबंद, नफा, व्याजदर असं सगळं काढून टाकलं तरी कार्यक्रम उभा राहतो, हे त्या पिशवीनं दाखवून दिलं. प्रेक्षक ज्यासाठी येतो ते त्या आकड्यांमध्ये नव्हतंच.

मग बिघडलं कुठे? करमणूक म्हणून बघावं आणि झोपावं. बिघडतं ते असं की माणूस कधीकधी झोपत नाही, फोन हातात घेतो.

असं एकदा माझंही झालंय. एका रात्री असाच एक कार्यक्रम संपता संपता मी एका छोट्या कंपनीच्या शेअरची ऑर्डर टाकून ठेवली. सकाळी भाव उघडला तोच उसळी घेऊन, आणि त्या उसळीच्या टोकावर माझा सौदा झाला. पहिले दोन दिवस मी स्वतःवर खूश होतो. मग तो शेअर पडला असंही म्हणता येणार नाही. चाकातली हवा हळूहळू जावी तसा बसत गेला. मला आज टोचतं ते वेगळंच. मी नंतर कितीतरी दिवस तो कार्यक्रम बघत होतो, पण त्या कंपनीचं नाव तिथे परत निघालंच नाही. घ्या असं सांगणारा माणूस होता. विकायचं कधी, हे सांगायला कुणी आलं नाही.

पुढे वाचनात आलं की माझ्या मूर्खपणात नवीन काही नव्हतं. एन्जेलबर्ग, सॅसव्हिल आणि विल्यम्स या तीन अभ्यासकांनी 'मॅड मनी'च्या शिफारशी तपासल्या. शिफारस झाली की रात्रीतून भाव मोठी उसळी घेतो आणि पुढच्या काही महिन्यांत ती उसळी विरून जाते. ज्यांची उलाढाल कमी असते अशा छोट्या शेअरमध्ये हे सर्वात ठळक, आणि श्रीमंत प्रेक्षक जास्त असतील त्या दिवशी उसळीही जास्त. 'विका'च्या सल्ल्याचा परिणाम मात्र फिका. यात गूढ काही नाही. विकायला आधी शेअर जवळ असावा लागतो. विकत मात्र कुणीही घेऊ शकतो. त्याआधी, २००२ मध्ये, बस आणि ग्रीन या दोघांनी सीएनबीसीवर दिवसा सांगितल्या जाणाऱ्या शेअरचे भाव सेकंदासेकंदानं पाहिले होते. चांगली बातमी मिनिटभरात भावात पूर्ण मुरलेली असे. फायदा झाला तो पहिल्या पंधरा सेकंदांत सौदा केलेल्या मूठभरांना. पंधरा सेकंदांत सोफ्यावरच्या माणसाचा चष्माही सापडत नाही.

मोठं नुकसान एका चुकीच्या शेअरनं होत नाही. ते होतं कार्यक्रमाचं घड्याळ आपल्या मनगटावर आल्यानं. कार्यक्रम रोज असतो, म्हणून काहीतरी करण्यासारखंही रोज असलं पाहिजे असं वाटू लागतं. बार्बर आणि ओडीन यांनी एका ब्रोकरकडच्या ६६,४६५ कुटुंबांचे १९९१ ते १९९६ या काळातले सौदे पाहिले. बाजारानं वर्षाला १७.९ टक्के दिले. सर्वांत जास्त उलाढाल करणाऱ्यांच्या पदरात पडले ११.४ टक्के. तेजीचा इतका सुंदर काळ, आणि केवळ हातांना स्वस्थता नाही म्हणून एवढी तूट.

गंमत म्हणजे क्रेमर स्वतः हे सांगत आलाय. प्रत्येक शेअरमागे आठवड्याला एक तास अभ्यास करा, एवढा वेळ नसेल तर सुटे शेअर घेऊच नका, हा त्याचा जुना नियम. फोन करणाऱ्याचे पाच शेअर तपासून पैसे पुरेसे विभागलेत का हे बघणारा एक भागही त्याच्या कार्यक्रमात असतो. सल्ला शहाणा आहे. पण आठवड्याला एक तास अभ्यास करा असं सांगणारा माणूस तोच सल्ला आठ सेकंदांच्या निकालांच्या मधोमध सांगत असेल, तर बघणाऱ्याच्या लक्षात काय राहणार? दारूच्या बाटलीवरचा इशारा कुणी चव घेऊन वाचत नाही.

'हा कार्यक्रम केवळ माहितीसाठी आहे' ही खालची बारीक पट्टी त्याच जातीची. ती बघणाऱ्यासाठी नसून वकिलासाठी असते, आणि वकिलाच्या दृष्टीनं ती चोख आहे. १९८५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं लो नावाच्या एका गुंतवणूक-पत्रिका काढणाऱ्याच्या खटल्यात ठरवलं की सर्वांना एकच, कुणा एकाला उद्देशून नसलेला सल्ला छापणारा हा प्रकाशक असतो, गुंतवणूक सल्लागार नव्हे. त्याला सल्लागाराचे नियम लागू होत नाहीत. तत्त्व मला पटतं. उद्या कुणीही बाजाराबद्दल लिहिलं म्हणून परवाना मागू लागलं तर माझी पहिली आडकाठी असेल. पण 'लाइटनिंग राउंड' या व्याख्येत कुठे बसवायचा? फोनवर एक विशिष्ट माणूस आहे, त्याच्याकडे एक विशिष्ट शेअर आहे, आणि त्याला सांगितलं जातंय की ठेव. कायद्याच्या दृष्टीनं तो सगळ्यांसाठीचा सल्ला. त्या माणसाच्या कानाला मात्र तो फक्त त्याच्यासाठीचा. या कार्यक्रमांचं सगळं आकर्षण या दोहोंमधल्या फटीत राहतं.

ही फट कायद्यानं बुजवा असं मी म्हणणार नाही. बंदी नको, आवाजाची मर्यादा नको, खुर्च्या फेकायला पूर्ण मोकळीक असावी. मला हवी आहे एकच गोष्ट, जी या कार्यक्रमांनी ज्यांची नक्कल केली त्या सगळ्यांकडे आहे.

या कार्यक्रमांनी खेळांच्या प्रक्षेपणाकडून सगळं उचललं. सामन्याआधीची हवा, समालोचकांची चढाओढ, झळकणारी ग्राफिक्स, संगीत. धावफलक तेवढा आणला नाही. पडद्यावर शेकडो आकडे पळत असतात, पण सूत्रधारानं गेल्या वर्षी या दिवशी काय सांगितलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं, हा आकडा त्यात नसतो. धावा किती झाल्या हे न दाखवता वर्षानुवर्षं चालणारा हा बहुधा एकमेव खेळ.

हवामानाचा अंदाजही टीव्हीवरच सांगतात. त्यांच्यात मोजायची पद्धत केव्हाच बसली. संभाव्यतेत सांगितलेला अंदाज किती चुकला हे काढायचं सूत्र ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञानं १९५० मध्ये मांडलं आणि ते आजही वापरतात. ७० टक्के पावसाची शक्यता असं म्हणणाऱ्याला माहीत असतं की कुणीतरी वहीत टिपून ठेवतंय. त्याच्या आवाजातला संयम या वहीमुळे आलेला आहे असा माझा संशय आहे.

वही नसली की तिची जागा क्लिप घेतात. ११ मार्च २००८ रोजी एका प्रेक्षकानं विचारलं, बेअर स्टर्न्स या गुंतवणूक बँकेतून पैसे काढू का? क्रेमर गरजला, नाही, नाही, नाही, बेअर स्टर्न्स ठीक आहे. शेअर तेव्हा ६० डॉलरच्या वर होता. १६ मार्चला जेपी मॉर्गन बँकेनं ती कंपनी शेअरमागे २ डॉलर देऊन घेत असल्याचं जाहीर झालं. पुढे तो आकडा १० झाला. क्रेमरचं म्हणणं असं की प्रश्न तिथे ठेवलेल्या पैशांचा होता, शेअरचा नव्हता, आणि ठेवलेले पैसे बुडाले नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ऐकतो कोण? वर्षभरानं, १२ मार्च २००९ ला, विनोदवीर जॉन स्टुअर्टनं त्याला आपल्या कार्यक्रमात बोलावून जुन्या चित्रफिती दाखवत सोलून काढलं. वाहिनीनं ठेवला नाही म्हणून एका विनोदी कार्यक्रमानं हिशेब मांडला, आणि असा हिशेब नेहमी अर्धाच असतो. त्यात सर्वांत वाईट चूक येते. बरोबर आलेले सल्ले कुणी मोजत नाही.

'क्रेमर म्हणेल त्याच्या उलट करा' हा इंटरनेटवरचा विनोद याच अर्ध्या हिशेबातून जन्मला. विनोद इतका फोफावला की मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत खरोखरच एक फंड निघाला, त्याच्या सल्ल्याच्या विरुद्ध बाजूनं सौदे करणारा. जोडीला त्याच्या बाजूनं सौदे करणारा दुसराही काढला होता. बाजूनं जाणारा काही महिन्यांत बंद झाला. विरुद्ध जाणारा २०२४ च्या सुरुवातीला गुंडाळला, तोही तोट्यात. क्रेमरपुढे नंदीबैलासारखी मान डोलावणारे हुकले आणि त्याच्यावर हसणारेही हुकले. नीट धावफलक असता तर दोन्ही फंड काढायची हिंमत कुणी केली नसती.

फलक कसा असावा, हेही अवघड नाही. सल्ला दिला ती तारीख. भाव मात्र सल्ला देतानाचा धरायचा नाही. दुसऱ्या सकाळी बाजार उघडतानाचा धरायचा, कारण प्रेक्षकाला मिळतो तो तोच. मी घेतला तोही त्याच भावाला. मग वर्षभरानं तोच पैसा निर्देशांकात असता तर किती झाला असता, हे शेजारी. वाहिन्या म्हणतील, प्रत्येकाची मुदत निराळी असते. असू द्या, मुदत तुम्हीच ठरवा, फक्त सल्ला देताना सांगा, निकाल लागल्यावर नको. दुसरा आक्षेप त्या उघडपणे घेणार नाहीत, पण खरा तोच आहे. असा फलक लावला तर बहुतेक सूत्रधारांचे आकडे निर्देशांकाच्या आसपास, थोडे वर, बहुधा थोडे खाली, घुटमळताना दिसतील. निर्देशांकाएवढंच कमावणारा माणूस खुर्ची फेकू लागला तर ते फार विचित्र दिसेल.

मी तरी बघेन. खाली तो फलक असता तर कदाचित जास्तच बघेन. हरत असलेल्या संघाचा उत्साह बघण्यातही एक मजा असते.

तोपर्यंत फोन येतच राहतात. पलीकडे कुणीतरी नमस्कार करतं, शेअरचं नाव घेतं, आवाज खाली आणतं. सूत्रधार बटण दाबतो. तो माणूस आभार मानतो, मनापासून मानतो, आणि हा निकाल किती काळासाठी आहे हे न विचारताच फोन ठेवतो. पुढचा कॉल.